फोटोच्या कडेला उभी मुंबई

काळा घोडा चौकाची जुनी पोस्टकार्डं आजही रद्दीवाल्यांकडे, जुन्या नाण्या-तिकिटांच्या दुकानांत हाताला लागतात. मधोमध उंच चौथरा, त्यावर काळपट कांस्याचा घोडा आणि घोड्यावर ब्रिटनचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. १८७५ साली तो मुंबईला येऊन गेला, त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी शिल्पकार बोहम यांच्याकडून हा पुतळा करवून घेतला. १८७९ मध्ये तो चौकात उभा राहिला आणि १९६५ मध्ये उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला गेला. मधल्या शहाऐंशी वर्षांत त्या चौकात कॅमेरा रोखणाऱ्या बहुतेकांनी त्यालाच मध्ये धरलं.

जुन्या मुंबईचा माग काढणारे मात्र अशा फोटोवर आधी अंगठा ठेवून घोडा झाकतात आणि कडेला काय उरतं ते पाहतात. कोपऱ्यातली अर्धी कापली गेलेली पाटी, दुकानाच्या पायरीवर टेकलेला माणूस, टोपली उतरवून बसलेली बाई. शहर काय खात होतं, कुठे बसून खात होतं, याचा पुरावा असलाच तर तिथे असतो. स्मारकांचे फोटो मुद्दाम काढले गेले. खाण्याच्या जागा आल्या त्या स्मारकाच्या शेजारी होत्या म्हणून.

मुंबईत कॅमेरा फार लवकर आला. १८५४ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू नारायण दाजी यांनी डॉक्टरी शिकून कॅमेराही हाती धरला. त्या पहिल्या पिढीतल्या भारतीय छायाचित्रकारांत त्यांचं नाव मानाने घेतलं जातं. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी कोटाची तटबंदी पाडायला घेतली. अपोलो गेट, चर्चगेट, बझारगेट हे तिन्ही दरवाजे गेले. चर्चगेटचं नाव स्टेशनाला चिकटून राहिलं, तटाचं नाव ‘रॅम्पार्ट रो’ या रस्त्यात उरलं.

त्या काळचे रस्त्यांचे फोटो पाहताना एक गोष्ट चटकन खटकते : रस्ते ओस दिसतात. मुंबई तेव्हा ओस नव्हती. ओल्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, तेवढ्या वेळात जो हलला तो पुसला गेला. इमारत स्थिर, म्हणून ती आली. झाडं थोडी धुरकटली. फेरीवाला, पाटीवाला, पाणी वाटणारा, ही सगळी माणसं धुक्यासारख्या डागात विरघळली. चालत्या पायांनी पोट भरणारे अशा रीतीने पहिल्या काही दशकांच्या चित्रांतून जवळजवळ बाद झाले. हे नुकसान तंत्रामुळे झालं असलं तरी त्याचा भार पुढच्या सगळ्या इतिहासलेखनावर पडला आहे.

मागे तारीख न लिहिलेला फोटो हाती आला की त्याचं वय काढण्याच्या काही खुणा आहेत. क्षितिजावर राजाबाई टॉवर नसेल, तर चित्र १८७८ च्या आधीचं. घोड्यांची ट्राम धावू लागली १८७४ मध्ये. डोक्यावर विजेच्या तारा दिसल्या तर काळ १९०७ नंतरचा. दुमजली ट्राम असेल तर १९२० नंतरचा. रूळ आहेत आणि त्यावर ट्राम चालते आहे, तर ३१ मार्च १९६४ च्या पुढे जाताच येत नाही, कारण त्या रात्री शेवटची ट्राम धावली. फ्लोरा फाउंटनजवळ हुतात्मा स्मारक दिसलं की १९६१ ओलांडलं. उपाहारगृहांच्या बाबतीत शीतपेयांच्या जाहिराती फार कामाला येतात. पत्र्याच्या पाटीवर कोका-कोला असेल तर फोटो १९७७ च्या आधीचा किंवा १९९३ नंतरचा, कारण मधली सोळा वर्षं ती कंपनी देशातच नव्हती. ‘थम्स अप’ दिसलं तर १९७७ किंवा त्यानंतरचा. दारासमोरच्या मोटारीच्या नंबरात ‘एमएच’ अक्षरं असतील तर गाडीची नोंदणी १९८९ च्या अलीकडची. अशा चार खुणा जुळल्या की हरवलेल्या हॉटेलाचं दशक तरी पक्कं होतं.

काळ्या घोड्याच्या शेजारीच उभी आहे वॉटसन हॉटेलची लोखंडी इमारत. तिचे खांब-तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडल्या. जुन्या चित्रांत तिचे व्हरांडे मोकळे, वाऱ्याला उघडे दिसतात. नंतरच्या चित्रांत ते एकेक करून बंद होत जातात, हॉटेलाची ‘एस्प्लनेड मॅन्शन’ होते, खोल्यांमध्ये वकिलांच्या आणि लहान धंद्यांच्या कचेऱ्या येतात. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ झाला तो याच हॉटेलात. तो पाहून भारावलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मराठी छायाचित्रकार होते; त्यांनी पुढे स्वतःचा कॅमेरा मागवून कुस्तीचं चित्रण केलं. स्थिर फोटोत पुसला जाणारा हलता माणूस पडद्यावर टिकू शकतो, हे मुंबईने पहिल्यांदा पाहिलं ते अशा प्रकारे एका हॉटेलात. २०१९ मध्ये मोडकळीला आलेली ही इमारत रिकामी करण्यात आली.

समोरच्या रॅम्पार्ट रोवर ‘वेसाइड इन’ होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे बसून राज्यघटनेच्या मसुद्यावर काम करत, असं सांगितलं जातं. कवी अरुण कोलटकरांची मात्र ती वर्षानुवर्षांची बसायची जागा होती. दर गुरुवारी मित्रमंडळी जमत, आणि खिडकीतून चौकातलं ते वाहतुकीचं बेट दिसे, जिथून घोडा केव्हाच गेला होता. २००४ साली आलेल्या त्यांच्या ‘काला घोडा पोएम्स’मध्ये या चौकातल्या न्याहारीवर एक दीर्घ कविता आहे. डबाभर इडल्या घेऊन एक बाई येते आणि फुटपाथवर राहणारी सगळी वस्ती तिच्याभोवती गोळा होते. चौकाच्या शेकडो पोस्टकार्डांत जी पंगत सापडत नाही ती या कवितेत बसलेली आहे. मुंबईच्या रस्त्यावरच्या खाण्याचं इतकं बारीक, इतकं मायेचं चित्र दुसरं दाखवणं कठीण. वेसाइड इन नव्या शतकाच्या सुरुवातीला बंद झालं.

जहांगीर आर्ट गॅलरीच्या व्हरांड्यातलं ‘समोवार’ १९६४ ते मार्च २०१५ पर्यंत चाललं. आगगाडीच्या डब्यासारखी अरुंद, लांब जागा. पराठे, पुदिन्याचा चहा, आणि चित्र विकलं गेलेले व न गेलेले चित्रकार शेजारी शेजारी. पुढच्याच वर्षी जवळचं ‘ऱ्हिदम हाउस’ हे गाण्यांचं दुकानही मिटलं. या दोन्हींचे फोटो भरपूर आहेत, त्यातले पुष्कळसे अखेरच्या दिवसांतले. हा अनुभव सार्वत्रिक आहे. ग्रँट रोड स्टेशनबाहेरचं १९१४ चं ‘बी. मेरवान’ हे इराणी हॉटेल बंद होणार अशी बातमी २०१४ मध्ये आली, तेव्हा मावा केकसाठी रांगा लागल्या आणि प्रत्येक हातात कॅमेरा होता. ते पुन्हा उघडलं हे भाग्य. बाकी बहुतेक इराण्यांच्या वाट्याला शंभर वर्षांच्या धंद्यात शेवटच्या आठवड्याचेच फोटो आले.

इराणी मुंबईत आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, मुख्यतः याझ्द आणि केरमान भागातून. कोपऱ्याचं दुकान अशुभ मानून इतर व्यापारी टाळत, ते इराण्यांनी घेतलं, असं सांगतात. कारण काहीही असो, कोपऱ्याला दोन रस्त्यांची दारं मिळाली आणि त्यामुळेच चौकाच्या फोटोत एखाद्या इराण्याची पाटी येण्याची शक्यता वाढली. धोबीतलावावर ‘कयानी’ १९०४ पासून आहे. त्याच्या समोरचं ‘बास्तानी’ २००४ मध्ये बंद झालं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेच्या बरण्या, गल्ल्यामागचा आरसा, आणि ग्राहकांनी काय करू नये याच्या सूचनांची ती प्रसिद्ध पाटी. निस्सीम इझिकेल यांनी अशा सूचनांची कविताच केली. आत टिपलेल्या एखाद्या फोटोत आरसा आला तर फार लाभ होतो. त्यात समोरचा रस्ता, पलीकडचं दुकान, कधी फोटो काढणाराही दिसतो.

इराण्याला निदान पाटी होती. गिरणगावातल्या खानावळीला पाटीसुद्धा नव्हती.

लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोडच्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष पाळीपाळीने एका खोलीत राहत. एक जण दिवसपाळीहून येई तेव्हा दुसरा रातपाळीला निघे. त्यांची बायकामुलं गावी. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या बोलीवर. गावी गेला तर त्या दिवसांचे खाडे धरायचे, पगार झाला की हिशेब. एका दहा बाय बाराच्या खोलीत पहाटेपासून रात्रीपर्यंत स्टो आणि चूल चाले. मुंबईचं कापड या बायकांच्या भाकरीवर विणलं गेलं, असं म्हणण्यात काहीही अतिशयोक्ती नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं, ते या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून.

या खोल्यांचे फोटो का नाहीत? अंधार, धूर, जागेची चणचण. शिवाय काम करणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात कॅमेरा घेऊन जावं असं कोणाला वाटलं नाही, हे मोठं कारण. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मोर्चांचे, बंद दरवाजांचे, धूर नसलेल्या चिमण्यांचे फोटो आहेत. पगार थांबल्यावर उधारीवर जेवू घालून शेवटी स्टो विझवलेल्या बाईचा फोटो शोधून सापडत नाही. तिचं बोलणं मात्र काही प्रमाणात टिकलं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून जमवलेला इतिहास २००४ मध्ये पुस्तकरूपाने आला, आणि चित्रांची ही उणीव त्या आवाजांनी थोडी भरून निघाली.

गिरगावातही हेच. खोताच्या वाडीतल्या लाकडी जिन्यांचे आणि रंगीत बंगल्यांचे फोटो पोत्यानं आहेत. त्याच वाडीतल्या ‘अनंताश्रम’च्या मासळीच्या ताटाचा फोटो मिळवायला घरोघरचे आल्बम उघडावे लागतात. आणि आल्बमांतच खरा साठा आहे. लग्नाची वरात, मुलाची मुंज, गणपतीची मिरवणूक, नवी स्कूटर. कोणीतरी हसत उभं आहे आणि खांद्यामागे, किंचित अस्पष्ट, आज नसलेल्या दुकानाचं नाव वाचता येतं. असे आल्बम घर बदलताना रद्दीत जातात. देण्याआधी एकदा भिंग घेऊन त्यांच्या कडा पाहिल्या, मागे पेन्सिलीने रस्त्याचं नाव आणि साल लिहिलं, तर पुढच्या शोधकाचं अर्धं काम होईल.

राणीच्या बागेत तो घोडा अजून आहे, स्वारासकट. शेजारीच जुनं संग्रहालय, ज्याला १९७५ पासून भाऊ दाजी लाडांचं, म्हणजे छायाचित्रकार नारायण दाजींच्या थोरल्या भावाचं, नाव आहे. सुट्टीच्या दिवशी घरचे सगळे चौथऱ्यापुढे ओळीने उभे राहतात, मोबाइल आडवा धरला जातो. घोडा मधोमध येतो. मागे, सावलीत, कोणीतरी सतरंजी टाकून डब्याची झाकणं उघडत बसलेलं असतं.