तेलुगू-कन्नडमध्ये रामायण सांगणारे हे बाहुलीवाले घरात बोलतात मराठी!

नांदेड/लातूर : बाहुली म्हणलं की आपल्याकडं पहिलं नाव निघतं तात्या विंचूचं. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. बाहुली रामदास पाध्ये यांची, आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. २०१३ मध्ये दुसरा भाग थ्रीडीत आला. आज चाळिशीत असलेल्या कितीतरी जणांनी लहानपणी रात्री पांघरूण डोक्यावर ओढलं ते या तात्यामुळंच. पण बाहुली नाचवणारी मराठी माणसं सिनेमाच्या लई आधीपासून आहेत. त्यातली बरीच महाराष्ट्रात नाहीतच, ती आपल्या शेजारच्या राज्यांत आहेत. देगलूर, बिलोली, उदगीर, देवणीच्या लोकांना तर हे माहीत असायलाच हवं.

कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळाला तोगलू गोंबेयाट्टा म्हणतात. तो करणारा समाज किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात. आंध्रात हाच खेळ तोलुबोम्मलाटा होतो आणि तमिळनाडूत तो मंडीकर समाज करतो. पडद्यामागून ऐकू येणारी भाषा प्रत्येक राज्यात वेगळी असते : कन्नड, तेलुगू, तमिळ. पण खेळ संपवून ही माणसं घरी गेली की आपसात बोलतात ती मराठी. शेकडो वर्षांत तिचा बाज बदललाय, शेजारचे शब्द मिसळलेत, तरी ती मराठीच. आपले पूर्वज महाराष्ट्रातून आले, असं त्यांची जुनी माणसं सांगतात. तमिळनाडूतले मंडीकर आपलं नातं तंजावरच्या मराठा राजवटीशी जोडतात.

आता खेळ कसा असतो ते बघा. बकऱ्याचं कातडं भिजवून, केस खरवडून, ताणून वाळवायचं. ते इतकं पातळ होतं की त्यातून उजेड आरपार जातो. मग त्यावर राम, सीता, रावण, हनुमान काढायचे आणि रंग भरायचे. दागिने मात्र रंगवून भागत नाही, तिथं छिन्नीनं बारीक भोकं पाडतात. मागं दिवा लावला की त्या भोकांतून उजेड येतो आणि रावणाचा मुकुट खरंच चमकल्यासारखा दिसतो. हात, पाय, मान वेगळे कापून दोऱ्यानं बांधलेले असतात आणि सगळं बांबूच्या कामट्यांवर पेललेलं असतं. आंध्रातल्या काही बाहुल्या माणसाएवढ्या उंच असतात. पांढऱ्या पडद्यामागं घरचीच माणसं. एकजण बाहुली नाचवतो, एकजण गातो, बायका सीता-मंदोदरीचं बोलणं म्हणतात, कुणी पेटी-मृदंग सांभाळतं. युद्धाचा प्रसंग आला की पायाखालच्या फळीवर दणादणा पाय आपटायचे. रात्रभर असं चालतं.

रामायण कितीही गंभीर असू द्या, पोरं वाट बघतात ती दुसऱ्याच जोडीची. कर्नाटकात किळ्ळेक्यात आणि त्याची बायको बंगारक्का, आंध्रात केतिगाडू आणि बंगारक्का. काळीकुट्ट, ढेरपोटी, तोंडाळ जोडी. मधेच पडद्यावर घुसायचं, भांडायचं, गावातल्या पुढाऱ्याची टोपी उडवायची आणि निघून जायचं. कथा बदलली तरी ही दोघं असतातच. कर्नाटकात तर अख्ख्या समाजाला या विदूषक बाहुलीचंच नाव पडलंय. तात्या विंचूचे दोनच भाग आले, हे दोघं मात्र पिढ्यान् पिढ्या चालू आहेत.

एक गोष्ट लातूरकरांना विशेष वाटेल. पाऊस लांबला की कर्नाटकातल्या गावांत या बाहुलीवाल्यांना मुद्दाम बोलवायचे, कारण खेळ केला की पाऊस पडतो अशी समजूत होती. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या लातूरला या समजुतीमागची तगमग वेगळी समजावून सांगायला नको. पावसाचं काहीही होवो, त्या निमित्तानं बाहुलीवाल्याच्या घरात धान्य यायचं हे नक्की.

या मंडळींना आता पुरस्कार मिळू लागलेत. धर्मावरमजवळच्या निम्मलकुंटा गावचे दलवाई चलपती राव यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. २०२५ मध्ये ती कोप्पळ जिल्ह्यातल्या मोरनाळच्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना मिळाली, तेव्हा त्यांचं वय ९६ होतं. कोप्पळ म्हणजे कुठलं लांबचं गाव नव्हे बरं का. १९५६ पर्यंत कोप्पळ, नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूर एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्यांची फेररचना भाषेवर झाली. घरात एक भाषा आणि पडद्यावर दुसरी बोलणारा हा समाज त्या हिशेबात कुठंच बसला नाही. पुरस्काराच्या बातम्या आपल्याकडं आल्या त्या ‘कर्नाटकातील कलावंत’, ‘आंध्रातील कलावंत’ म्हणून. मराठीचा उल्लेख क्वचितच.

महाराष्ट्रात ही कला टिकून आहे ती सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीत. तिथला ठाकर समाज चामड्याच्या आणि कळसूत्री अशा दोन्ही बाहुल्या नाचवतो, शिवाय चित्रकथीही करतो. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

मग आपल्या मराठवाड्यात बाहुली कधी नव्हतीच का? होती की. पैठण तालुक्यातल्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी दोरीवर नाचणाऱ्या बाहुलीचा दाखला ज्ञानेश्वरीत दिलाय, तिला जुन्या मराठीत साईखडी म्हणत. ऐकणाऱ्यानं खेळ पाहिलेला असल्याशिवाय असा दाखला कोण देतो?

निम्मलकुंट्यात आज तेच कातडं, तेच रंग वापरून दिव्यांच्या शेड आणि भिंतीवरची चित्रं बनतात. त्यावर घर चालतं, पण रात्रभराचं रामायण सांगायला माणसं आणि ऐकायला गाव, दोन्ही कमी पडतात. पोरं शाळेत तेलुगू-कन्नड शिकतात, त्यामुळं घरातली मराठीही आज्जीपाशीच उरत चाललीय.

देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, देवणी, निलंगा या पट्ट्यात सत्तरीच्या पुढच्या कुणी लहानपणी पडद्यामागचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिला असेल, तर गाव, साधारण साल आणि बाहुलीवाले आपसात कोणती भाषा बोलत होते एवढं आम्हाला जरूर कळवा.