दुकान झटपट, कारभार मंद

खुलताबादेत उरूस भरला की दर्ग्याच्या वाटेवरील दुकाने गजबजतात. अनुभवी दुकानदार एक काम आधीच उरकतो. वारंवार मागितला जाणारा माल गोदामातून आणून तो गल्ल्याजवळ मांडतो. गिऱ्हाईकागणिक गोदामात फेरी मारू लागला तर धंदा करणार केव्हा?

आमचे अनेक व्यापारी बांधव आता हिमरू, अत्तर, पुस्तके वेबसाइटवरून विकतात. त्यांची एक तक्रार आमच्या कानी नेहमी येते. गिऱ्हाईकाला दुकान झटपट दिसते, पण मालकाने अ‍ॅडमिनमध्ये ऑर्डरींची यादी उघडली की पान लवकर येत नाही. मग महागडे होस्टिंग घेण्याचा सल्ला मिळतो. आमचे म्हणणे असे की, पैसे मोजण्याआधी कारण समजून घ्यावे.

गिऱ्हाईकांसाठी तयार पानाची नक्कल ठेवता येते. मालकाला मात्र दर वेळी ताजी माहिती हवी. त्यामुळे वर्डप्रेस पुन्हा पुन्हा डेटाबेसच्या गोदामात जाते. तिचा स्वतःचा ऑब्जेक्ट कॅश (रोकड नव्हे, साठवण!) असतो, पण तो एक पान तयार होईपर्यंतच टिकतो. २००३ साली आलेला मेमकॅश्ड किंवा २००९ सालचा रेडिस जोडला की तीच साठवण सर्व्हरच्या मेमरीत टिकून राहते आणि गोदामातील फेऱ्या कमी होतात.

प्रथम होस्टिंगवाल्याकडे रेडिसची सोय आहे का, ते विचारावे. बॅकअप घ्यावा, मग रेडिसचे प्लगइन बसवून कॅश सुरू करावा. ऑर्डरींचे पान आधी व नंतर किती सेकंदांत उघडते, ते घड्याळ लावून मोजावे.

तीन खबरदाऱ्या घ्याव्यात. एकाच रेडिसवर दोन वेबसाइट असतील तर प्रत्येकीला वेगळा उपसर्ग द्यावा, नाहीतर एकीची माहिती दुसरीत मिसळेल. मेमरीची मर्यादा ठरवून, ती भरल्यावर न वापरलेली माहिती आधी काढण्याचा नियम लावावा. रेडिस इंटरनेटला उघडे ठेवू नये.

हा उपाय रामबाण नाही. एखादे प्लगइन दर वेळी बाहेरच्या सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबत असेल, तर तेच बदलावे लागेल.

इस्लामने उधळपट्टीला मनाई केली आहे. ती पैशाची तशी वेळेचीही. मोठे गोदाम भाड्याने घेण्याआधी गल्ल्याजवळची मांडणी सुधारावी, बरकत तेथूनच सुरू होते.