'महाल' : घरीं पुनः पाहतांना

प्रत्यक्ष भय मनुष्याला नको असतें. परंतु नाटक-बोलपटांतलें भय तो आवडीनें अनुभवतो. त्याहून विचारार्ह प्रश्न असा कीं, रहस्य एकदां कळल्यावर तीच भयकथा पुनः पाहण्यांत कोणता रस उरतो? बाँबे टॉकीजच्या 'महाल' या हिंदी चित्रपटाच्या निमित्तानें याचा विचार करूं.

हा चित्रपट १९४९ सालचा; कमाल अमरोही यांचें हें पहिलेंच दिग्दर्शन. नायक अशोककुमार यांचें बाळपण खांडव्यास गेलें, म्हणजे आम्हां खानदेशकरांना ते भुसावळपलीकडच्या रेल्वेमार्गावरील शेजारीच. नायिका मधुबाला. त्या काळीं बोलपटासाठीं जळगांव-धुळ्याच्या रसिकांना चित्रगृह गांठावें लागे. पुढें चित्रफिती आल्या, मग तबकड्या आल्या, आणि हा 'महाल' आमच्या माजघरांत येऊन बसला.

कथा अशी. हरिशंकर हा तरुण एका ओसाड महालांत राहावयास येतो. तेथील जुन्या तसबिरींत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. रात्रीं झोपाळ्यावर गाणारी एक स्त्री दिसूं लागते. ही आपली पूर्वजन्मींची प्रिया, असा त्याचा ग्रह होतो. अखेरीस कळतें कीं, ती पिशाच नसून माळ्याची मुलगी आहे.

जर्मन छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग यांनीं येथें दाखविण्यापेक्षां लपविण्यावरच भर दिला आहे. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतांतही तीच युक्ति आहे. लता मंगेशकर त्या वेळीं जेमतेम विशींतल्या. गीताचा आरंभ त्यांनीं दुरून ध्वनिग्राहकाकडे चालत येत गाइला, म्हणून तो आवाज दुरून जवळ येतो. मूळ ध्वनिमुद्रिकेवर मात्र गायिकेऐवजीं 'कामिनी' हें पात्राचेंच नांव छापलें होतें!

दुसऱ्या वेळीं पाहतांना भूत कोण हें ठाऊक असतें. भय ओसरतें आणि दृष्टि रंजनेकडे वळते. ही हरिशंकराची विवाहित पत्नी. महालाचा मोह सुटावा म्हणून तो तिला घेऊन दूर रानांत जातो, पण मन मागेंच राहतें. ती एकटी दिवस मोजते, शेवटीं विष घेते आणि मरतांना पतीवरच आरोप ठेवते. प्रथम ती कथेच्या वाटेंतील अडचण वाटते. पुनः पाहतांना तीच कथेचा गाभा ठरते. छायेच्या नादीं लागून ज्याला घरचें माणूस दिसेनासें झालें, त्याला झपाटण्यास निराळें भूत कशाला हवें? भयानक रस येथें करुणांत विरून जातो.

अभिनवगुप्ताचार्यांनीं सात रसविघ्नें सांगितलीं आहेत. चालतें चित्र मध्येंच थांबविणारी कळ हें आठवें म्हणावयास हरकत नाहीं! यास्तव दिवे मालवून, जाणत्या मुलांना जवळ बसवून, चहापाणी आधींच उरकून एका बैठकींत हा चित्रपट पाहावा. रहस्य अगोदर फोडूं नये. संपल्यावर मात्र मुलांना एवढेंच विचारावें कीं, या कथेंत सर्वांत भ्यालें कोण? 'रंजना' हें उत्तर आलें, तर त्यांना चित्रपट कळला असें समजावें.