रायफलचा पट्टा : खांद्यावर नव्हे, दंडावर

मंडळी, १ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे साडेतीनला मी लॅपटॉप उघडून बसलो होतो, आणि एकदाच का होईना, त्याचं कारण ऑफिसचा सर्व्हर बंद पडला हे नव्हतं! फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची फायनल खेळत होता. ४५१.४ गुण आणि ब्राँझ. या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक.

त्यानंतर मंडळात भेटेल तो मला एकच विचारू लागला. मी इथल्या एका क्लबात हिवाळ्यात रायफल शूटिंग करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. "अरे, त्याच्या डाव्या दंडाला पट्टा कसला बांधला होता? हाताला लागलं होतं का?"

तर तो पट्टा म्हणजे स्लिंग. शब्दकोशात बघाल तर 'गोफण' सापडेल, हाड मोडल्यावर डॉक्टर गळ्यात बांधतात ती झोळी पण स्लिंगच. आपल्यापैकी एनसीसी केलेल्यांना रायफलचा पट्टा आठवेल तो खांद्याला लटकवून परेड करण्याचा. म्हणजे पट्टा हे ओझं वाहायचं साधन अशीच आपली समजूत. माझीही होती.

(बंदुकीचा विषय अमेरिकेत निघाला की आपल्या घरांतून भुवया उंचावतात, हे मला माहीत आहे. माझ्या घरातही उंचावल्या होत्या. माझी रायफल कुलूपबंद तिजोरीत असते, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि ती कागदाखेरीज कशालाही भोक पाडत नाही. असो.)

आधी प्रश्न काय आहे तो बघू. ऑलिंपिकच्या नियमांत पुरुषांच्या ५० मीटर रायफलचं वजन जास्तीत जास्त ८ किलो असू शकतं. माझी जुनी, सेकंडहँड घेतलेली अ‍ॅन्शुट्झ साधारण सात किलो भरते. वजन मुद्दाम जास्त ठेवतात, कारण जड वस्तू सहजासहजी हलत नाही. पण ती धरायची कुणी? लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. रायफलची लांबी साधारण मीटरभर धरा. मागचा भाग जागेवर राहून नळीचं तोंड एक दशांश मिलिमीटर सरकलं, तर ५० मीटरवर गोळी ५ मिलिमीटर सरकते. म्हणजे मधोमध लागायची ती वर्तुळाच्या कडेला. कागदाच्या जाडीएवढ्या हालचालीचा हा खेळ आहे.

पालथं झोपून नेम धरताना डावी कोपर जमिनीवर असते आणि कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड खांबासारखं उभं तिरकं. रायफल या खांबाच्या टोकावर. आता हा खांब पुढे कलंडू नये, म्हणजे कोपराचा सांधा उघडू नये, म्हणून कुणीतरी त्याला ओढून धरायला हवं. पट्टा नसेल तर ते काम दंडाचा स्नायू करतो. स्नायू दोन मिनिटांत कुरकुरतो आणि पाच मिनिटांत थरथरतो. पट्टा असेल तर दंड, पुढचा हात आणि ताणलेला पट्टा असा त्रिकोण तयार होतो. पत्र्याच्या शेडला कैची का लावतात ते आठवा. चौकट वाकते, त्रिकोण वाकत नाही. वजन हाडांवर आणि पट्ट्यावर जातं, स्नायूंना सुट्टी. कुसाळे पालथं झोपून आणि गुडघ्यावर बसून मारताना पट्टा वापरत होता. उभं राहून मारताना मात्र नियमाने पट्टा चालत नाही.

सगळ्या जड रायफलींचा पट्टा असाच असतो असं नाही, आणि इथेच लोकांची गल्लत होते. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने दुर्बीण आणि दोन पायांची घोडी लावलेली सोळा-सतरा पाउंडी रायफल घेतली. ती चालत न्यायची असते, म्हणून तिला पुढे-मागे दोन टोकांना अडकवायचा पट्टा लागतो. तिथे खांद्यावर येणारा भाग रुंद हवा, नाहीतर अर्ध्या मैलात खांद्याला वळ उठतो. कड्या खालच्या बाजूला न लावता बाजूला लावलेल्या बऱ्या, म्हणजे रायफल पाठीवर सपाट बसते आणि पट्टा घोडीत अडकत नाही. त्याने हे सगळं नीट केलं आणि तरी पट्टा ताणून मारलं की गोळ्या एका बाजूला जायच्या. त्याच्या रायफलचा खालचा भाग, म्हणजे स्टॉक, होता पातळ प्लॅस्टिकचा. पट्टा ओढला की स्टॉकचं पुढचं टोक वाकून नळीला टेकायचं, आणि नळीला काहीही टेकलं की तिची थरथर बदलते. नळी आणि स्टॉक यांच्यामधून एक डॉलरची नोट सरकवून बघायची, ही जुनी युक्ती. नुसती सरकून उपयोग नाही, पट्टा ताणलेला असतानाही ती सरकली पाहिजे. त्याची अडकली. शेवटी त्याने अ‍ॅल्युमिनियमचा ताठ स्टॉक घेतला. पट्टा तोच राहिला!

आमच्या, म्हणजे लक्ष्यावर मारायच्या रायफलीला पट्टा एकाच ठिकाणी जोडलेला असतो. रायफलच्या पोटाखाली एक लांब खाच असते, तीत पुढे-मागे सरकणारा एक ठोकळा, त्याला हँडस्टॉप म्हणतात. डाव्या हाताचा पंजा त्याला मागून टेकतो आणि पट्ट्याचं पुढचं टोक त्याच्याच फिरत्या कडीत अडकतं. दुसरं टोक दंडाभोवती. नियमाने पट्ट्याची रुंदी ४० मिलिमीटरपर्यंतच, आणि हँडस्टॉप व कडी सोडून रायफलला तो कुठेही टेकता कामा नये. पालथं झोपल्यावर कोपरापासून पुढचा हात जमिनीशी निदान ३० अंशांचा कोन करून हवा, फार खाली झोपता येत नाही.

घ्यायचा कुठला? चामड्याचा पट्टा छान बसतो, पण घामाने आणि ताणाने हळूहळू लांबतो. कृत्रिम धाग्याचा कमी लांबतो. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दंडावरचा भाग रुंद हवा, आणि लांबी ठरवणाऱ्या भोकांना आकडे हवेत. साधा चांगला पट्टा शंभर डॉलरच्या आत मिळतो. रायफल आणि त्या जाड कॅनव्हासच्या जॅकेटच्या मानाने काहीच नाही. क्लबची एक रायफल चौघांत चालते, पट्टा मात्र ज्याचा त्याचा असावा. दुसऱ्याच्या मापावर लावलेला पट्टा म्हणजे दुसऱ्याचा चष्मा.

हे मी शिकलो ते फार लाजिरवाण्या पद्धतीने. दोन वर्षांपूर्वी मंडळातल्या एका मित्राची पंधरा वर्षांची मुलगी माझ्याबरोबर क्लबात येऊ लागली. मी मोठा जाणकार! माझाच पट्टा तिच्या दंडाला, कोपराच्या थोडा वर, बक्कल आतल्या बाजूला ठेवून चांगला करकचून बांधला. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "काका, बोटं झोपली." मी म्हणालो, "होतं असं, सवय होईल." पुढच्या अर्ध्या तासात ती काही बोलली नाही. चांगली मुलं बोलत नाहीत, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. "अहो, हिच्या शेवटच्या दोन बोटांना अजून मुंग्या येतायत. तुम्ही नक्की काय केलंत?" मला उत्तर देता येईना. डॉक्टरांनी नसेवर दाब आल्याचं सांगितलं. तीन-चार दिवसांत सगळं ठीक झालं, पण ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

क्लबातल्या म्हाताऱ्या कोचने मला बाजूला घेऊन दंडाची आतली बाजू दाबून दाखवली. तिथून मोठी रक्तवाहिनी जाते आणि नसाही जातात. पट्टा तिथे दाबला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे बोटं बधिर होतात. दुसरं, छातीचा प्रत्येक ठोका पट्ट्यातून रायफलमध्ये उतरतो आणि साइटमधलं काळं वर्तुळ ठोक्याबरोबर उड्या मारतं. माझी वर्तुळं वर्षभर उड्या मारत होती आणि मी चहा-कॉफीला दोष देत होतो!

म्हणून पट्टा दंडावर जितका वर जाईल तितका न्यायचा, ओढ बाहेरच्या बाजूने येईल असा फिरवायचा आणि जॅकेटच्या बाहीवरच्या हुकाने तिथेच अडकवायचा, म्हणजे तो घसरत नाही. डाव्या हाताला जाड हातमोजा हवाच, कारण पट्टा पंजाच्या पाठीवरून जातो. ताण सैलपासून सुरू करून एकेक भोक घट्ट करत जायचा. कळणार कसं? डाव्या हाताची बोटं पूर्ण मोकळी सोडा. रायफल खाली आली तर पट्टा सैल आहे. दस्ता खांद्यात बसवताना उजव्या हाताने जरासा जोर लावावा लागला तर बरोबर, धडपड करावी लागली तर फार घट्ट. मग डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे आणि उघडून बघायचं, नेम कुठे गेलाय. बाजूला गेला असेल तर हाताने ओढून आणायचा नाही. कोपर तिथेच ठेवून कंबर सरकवायची. हाताने ओढलं की पुन्हा स्नायू कामाला लागले.

गुडघ्यावर बसल्यावर शरीराची घडीच वेगळी, त्यामुळे हँडस्टॉपची जागा आणि पट्ट्याचं भोकही वेगळं. बहुतेकांचा हँडस्टॉप तेव्हा मागे येतो. आणि त्याचा स्क्रू दर वेळी तपासायचा. एका स्पर्धेत माझा ढिला राहिला होता. ठोकळा दर गोळीला केसभर पुढे सरकत होता, आणि मी साइट फिरवत बसलो.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकच्या विश्वस्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण करून सुवर्ण मिळवलं. त्या साठही गोळ्या पट्टा लावून, पालथं झोपून. साठ वेळा तोच त्रिकोण! मी हा आकडा त्या मुलीला सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तिची बोटं नाही झोपली."

तिने आता स्वतःचा पट्टा घेतलाय. वहीत पहिल्या पानावर लिहिलंय : झोपून, हँडस्टॉप २४०, भोक ७. गुडघ्यावर, १९५, भोक ५. खाली लाल शाईत : काकांना हात लावू द्यायचा नाही.