मुलीच्या दिवसाचे मोल

मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न महाराष्ट्रात आता जवळजवळ सुटला आहे, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गात रूढ होऊ लागली आहे. या समजुतीला काही आधारच नाही, असे म्हणता येणार नाही. १९५१ च्या जनगणनेत देशातील दर शंभर स्त्रियांमागे नऊदेखील साक्षर नव्हत्या; २०११ साली महाराष्ट्रातील स्त्रियांच्या साक्षरतेचे प्रमाण ७५.८७ टक्क्यांवर पोहोचले होते. २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत ९७.२१ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, तर मुलांचे प्रमाण ९४.५६ टक्के होते. बारावीपर्यंतची फी १९८० च्या दशकातच माफ झाली होती. २०२४ साली राज्य शासनाने वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्कही पूर्णपणे माफ केले. मग उरले काय?

उरले ते फीच्या पावतीवर कधी नव्हतेच. दहावीचा निकाल हा परीक्षेला बसलेल्यांचा असतो. आठवीनंतर ज्या शाळेत दिसेनाशा झाल्या, त्यांची नोंद त्यात कोठून असणार? आणि त्या दिसेनाशा होतात त्या फी परवडत नाही म्हणून नव्हे. गरीब कुटुंबाला मुलीच्या शिक्षणासाठी जी खरी किंमत मोजावी लागते, ती तिच्या वेळेची असते. अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतात, तो हाच. मुलगी पाच-सहा तास वर्गात बसली तर पाणी कोणी भरायचे, धाकटे भावंड कोणी सांभाळायचे, आई मजुरीला गेल्यावर भाकऱ्या कोणी थापायच्या? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या कालविनियोग पाहणीत असे आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनमोल कामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि जे पुरुष घरकामात भाग घेतात ते ९७ मिनिटे. या तीनशे मिनिटांतील वाटा उचलण्यास मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की लागते. मुलाच्या वाट्याला ती उमेदवारी येत नाही.

ही गोष्ट आजच कोणाच्या ध्यानात आली आहे असेही नाही. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी होती, हे सर्वांना माहीत असते. त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. शेतकरी कुटुंबाला गुरे राखण्यासाठी व शेत पाहण्यासाठी मुलांची गरज भासते. सबब केवळ शाळा काढून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे यांच्या रूपाने त्या कुटुंबांना उत्तेजन द्यावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. पोराच्या श्रमाला घरात किंमत असते व शाळेला ती भरून द्यावी लागते, हा विचार इतक्या स्पष्टपणे मांडणारा माणूस त्या काळात विरळा होता.

त्यांच्या विरोधकांनाही ही किंमत दिसत होतीच; त्यांनी निष्कर्ष मात्र उलटा काढला. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेच पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्धीस आले. त्याच्या अभ्यासक्रमावर टिळकपक्षाने जी टीका केली ती परिचित आहे. पण त्या वादात शाळेच्या वेळेचाही प्रश्न होता. शाळेचे तास कमी करावेत, म्हणजे मुलींना घरकामास सवड राहील, असा तो आग्रह होता. आज हा आग्रह कोणी उघडपणे धरणार नाही. व्यवहारात तो असंख्य घरांत पाळला जातो, एवढेच.

शासनाने या वेळेचे मोल कधीच केले नाही असे नाही. १९९२ साली अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्त आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील पहिली ते चौथीच्या मुलींना दर उपस्थित दिवसामागे एक रुपया भत्ता देण्याची योजना राज्यात सुरू झाली. वर्षाचे शाळेचे दिवस धरता फार तर २२० रुपये. कल्पना अचूक होती: मुलीचा एकेक दिवस घराकडून विकत घ्यावा. पण पुढील तीन दशके तो रुपया रुपयाच राहिला. या काळात महागाई कित्येक पटींनी वाढली, शासकीय नोकरांचा महागाई भत्ता सहामाहीला फेरविचारासाठी येत राहिला. उपस्थिती भत्त्याला निर्देशांकाची जोड देण्याचे मात्र कोणाला सुचले नाही. शिवाय हा भत्ता चौथीला संपतो. घराला मुलीच्या श्रमाची गरज खऱ्या अर्थाने भासू लागते ती त्यानंतर! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचीही मर्यादा चौदा वर्षांपर्यंतच आहे. गावातील शाळा संपते, हायस्कूल दुसऱ्या गावी असते, मुलगी वयात येत असते; किंमत तिन्ही बाजूंनी वाढते आणि नेमके त्याच टप्प्यावर मदतीचे हात आखडतात.

बीड जिल्ह्यात हे सर्व एकत्र पाहावयास मिळते. ऊसतोडीची मजुरी नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ या एककाने मिळते आणि उचलही त्याच हिशेबाने. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात; म्हणजे शाळेचे अर्धे वर्ष गेले. बारा-तेरा वर्षांची मुलगी बरोबर नेली तर कोपीवर स्वयंपाक आणि तान्हे मूल तिच्याकडे. मागे ठेवली तर तिच्या सुरक्षिततेचा घोर. लग्न लावून दिले तर घोर मिटतो आणि एक नवा कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी विवाह झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के, तर बीडमध्ये ४३.७ टक्के आढळले. आई-बापांच्या अडाणीपणाकडे बोट दाखवून या आकड्याचे स्पष्टीकरण देणे सोपे आहे. परंतु ज्या बाजारात अविवाहित मजुरापेक्षा जोडप्याला उचल मिळते, त्या बाजाराचा हिशेब ते आई-बाप पुरेपूर जाणतात. कारखान्यांवरील साखरशाळा आणि गावातील हंगामी वसतिगृहे ही यावरची उत्तरे महाराष्ट्रातच शोधली गेली. वसतिगृहात मुलगी मागे राहू शकते, जेवू शकते, शिकू शकते. त्यांची मंजुरी टोळ्या निघण्यापूर्वी हाती पडली तरच, हे सांगावयास नको.

जेथे अंतराची किंमत शासनाने स्वतः उचलली, तेथे फरक पडला आहे. ग्रामीण भागातील मुलींना एस.टी.चा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना आणि मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत मुलींसाठी सुरू झालेल्या बसगाड्या ही याची उदाहरणे. बिहारने २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्यास प्रारंभ केला. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार, त्यामुळे माध्यमिक शाळेत त्या वयाच्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींतील तफावत ४० टक्क्यांनी घटली. उपदेशाने जे साधले नाही ते सायकलीने साधले. मात्र पास असून संध्याकाळची गाडी वेळेवर येत नसेल, तर मुलीचा शेवटचा तास बुडतो; आणि तो बहुधा गणिताचा वा विज्ञानाचा जादा तास असतो.

एवढे करून मुलगी वर्गात येऊन बसली, म्हणजे समता आली काय? घरातील श्रमविभागणी शाळेच्या फाटकाशी थांबत नाही. अनेक शाळांत हजेरीपटावर आधी सर्व मुलगे, मग मुली. वर्ग झाडणे, रांगोळी काढणे, पाहुण्यांना ओवाळणे मुलींकडे. बाके हलविणे, बाजारातून सामान आणणे मुलांकडे. प्रयोगशाळेत उपकरण मुलाच्या हाती आणि आकृती सुबक काढण्याचे काम मुलीच्या. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो, हे मान्य केले पाहिजे; शिक्षिकाही हेच करतात. पण झाडलोटीत गेलेली दहा मिनिटे ही पुन्हा मुलीच्याच दिवसातून वजा होतात. मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम असू नये, अशी शिफारस हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६० च्या दशकाच्या आरंभीच केली होती व कोठारी आयोगाने ती उचलून धरली. छापील अभ्यासक्रम एक झाला. न छापलेला दुहेरीच राहिला.

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात भाजी निवडणारा बाप दाखविला, तेव्हा काहींनी थट्टा केली. तो बाप पुस्तकात आला हे चांगलेच झाले. पुढचे काम मुख्याध्यापकांचे आहे आणि त्याला शासननिर्णयाची गरज नाही: हजेरीपट वर्णक्रमाने लावावा, झाडण्याची पाळी सर्वांना यावी, प्रयोगाचे उपकरण आळीपाळीने हाती द्यावे. यास दमडीचाही खर्च येत नाही. खर्च येतो तो पाचवी ते बारावीच्या मुलींना निर्देशांकाशी जोडलेला उपस्थिती भत्ता देण्यास, संध्याकाळची बस चालविण्यास आणि हंगामी वसतिगृहे दिवाळीपूर्वी उघडण्यास. ती तरतूद उन्हाळी अधिवेशनात मंजूर होऊन चालणार नाही, कारण तोवर ऊस तोडून झालेला असतो.