आहेर व भेटवस्तूंचा व्यापार

विवाह, उपनयन, बारसे, वास्तुशांत तसेच सणवार अशा प्रसंगी आप्तेष्टांना द्यावयाच्या वस्तूंची किरकोळ विक्री करणारा व्यवसाय. महाराष्ट्रात तो मुख्यतः भांड्यांची दुकाने व गेल्या काही दशकांत वाढलेली भेटवस्तूंची छोटी दुकाने ह्यांच्यामार्फत चालतो. वस्त्रांचा आहेर कापडदुकानातून घेतला जात असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

मराठीत दान, नजराणा, बक्षीस, ओवाळणी, वाण, भेट व आहेर हे सर्व शब्द देण्याच्या क्रियेशी निगडित असले, तरी त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. दान परतफेडीच्या अपेक्षेवाचून द्यावयाचे असते. नजराणा खालून वर जातो व बक्षीस वरून खाली येते. आहेर मात्र बरोबरीच्या नात्यातील देवघेव असून तो योग्य वेळी फेडावा लागतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस (१८७२–१९५०) ह्याने १९२३–२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात देणे, स्वीकारणे व परत करणे ही तिन्ही बंधने देणगीच्या मुळाशी असतात, असे प्रतिपादन केले. महाराष्ट्रातील खेड्यांत ह्या सिद्धांताचे प्रात्यक्षिक आहेराच्या वहीत पाहावयास मिळते. लग्नमंडपात एखादा विश्वासू नातलग वही घेऊन बसतो व देणाऱ्याचे नाव, गाव आणि वस्तू किंवा रक्कम लिहून घेतो. काही ठिकाणी ती ध्वनिक्षेपकावरून पुकारलीही जाते. पुढे त्या देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले, की वही काढून मागील नोंद पाहतात आणि तिच्याहून कमी नसलेला आहेर करतात. स्वपक्षीयाने केलेल्या टीकेस ‘घरचा आहेर’ म्हणण्याची प्रथा मराठीत पडली, तीत परतफेडीची ही भावना उपरोधाने उतरली आहे.

ह्या परिस्थितीमुळे आहेराच्या वस्तू विकणाऱ्या दुकानदाराचे काम किराणा विकणाऱ्याहून वेगळे ठरते. वस्तू वापरणारा एक व ती निवडणारा दुसराच असतो. निवडणाऱ्यास वस्तूच्या उपयोगापेक्षा तिची किंमत नात्याच्या मापात बसते की नाही, ह्याचीच चिंता अधिक असते. म्हणून अनुभवी दुकानदार ‘काय दाखवू?’ असे विचारण्याऐवजी लग्न कोणाचे, नाते कोणते आणि किती पर्यंत द्यावयाचे, हे आधी विचारून घेतो. मामाने करावयाचा आहेर शेजाऱ्याच्या आहेरासारखा दिसून चालत नाही. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या रकमेत भरीव दिसणारी वस्तू काढून देणे, हे ह्या धंद्यातील खरे कसब होय. वजनाने हलके पण आकाराने मोठे पातेले, किंवा तोच ऐवज सहा नगांत विभागणारा संच, हे त्याचे नेहमीचे उपाय. ह्यात फसवणूक आहे असे गिऱ्हाईक मानीत नाही. किंबहुना त्याचसाठी ते दुकानात आलेले असते.

भांडी : आहेराची वस्तू म्हणून भांड्याचे महत्त्व दीर्घकाळ टिकले, ह्याचे कारण त्याचे मूल्य मोडीतही शिल्लक राहते. तांब्यापितळेचे भांडे वजनावर विकले जाई व विकले जाते. धातूच्या भावात घडणावळ मिळविली, की किंमत ठरते. जुने भांडे परत आणल्यास घडणावळ वजा जाऊन मोडीचा भाव मिळतो. म्हणजे लग्नात आलेली कळशी वा परात हा एका अर्थी स्त्रीच्या हाताशी असलेला संचयच होता व अडीअडचणीला तो उपयोगी पडे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत घडलेल्या भांड्यांवरील हातोड्याचे ठोके ही त्या मालाची ओळख. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अगंज पोलादाची (स्टेनलेस स्टीलची) भांडी घरोघर पोहोचली. त्यांना कल्हई लागत नाही व ती चकाकतात. मात्र त्यांना मोडीचा भाव फारच कमी येतो. त्यामुळे आहेराचा देखावा राहिला, तरी त्यातील संचयाचा अंश घटला.

भांड्यावर नाव घालून देणे हे दुकानदाराचे आणखी एक काम. पूर्वी ते छिन्नीच्या बारीक ठोक्यांनी, ठिपक्याठिपक्यांनी घालीत. पुढे विजेवर चालणारे यंत्र आले. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव व तारीख इतका मजकूर डब्याच्या झाकणावर किंवा ताटाच्या कडेवर बसवावा लागतो. नाव घातलेला माल परत घेता येत नसल्याने सावध दुकानदार आधी कागदावर लिहून घेतो व वाचून दाखवितो. जुन्या घरांतील फडताळात अशा भांड्यांवरून दोनतीन पिढ्यांचे सोयरसंबंध वाचता येतात.

हंगाम : हा व्यापार पंचांगाने चालतो. तुळशीच्या लग्नानंतर विवाहमुहूर्त सुरू होतात व चातुर्मास लागताच ते थांबतात. गुरू-शुक्रांच्या अस्तकाळातही मुहूर्त नसल्याने, पंचांग हाती येताच दुकानदार प्रथम मुहूर्तांची संख्या मोजतो. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे वाण लुटले जाते. त्यासाठी एकाच प्रकारचे पन्नास-शंभर नग लागतात व प्रत्येकी किंमत अल्प असावी लागते. वाट्या, गाळण्या, चमचे, कुंकवाचे करंडे असा माल तेव्हा खपतो. धनत्रयोदशीला भांडे घेण्याचा रिवाज आहे. रक्षाबंधन, पाडवा व भाऊबीज ह्यांमुळे श्रावण ते कार्तिक हा काळही अगदी रिकामा जात नाही. अधिक मासाची गोष्ट निराळी. सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणाऱ्या ह्या महिन्यात लग्ने होत नाहीत, पण जावयास तेहतीस अनारसे वा बत्तासे आणि त्यांसोबत ताट, निरांजन किंवा दिवा देण्याची चाल असल्याने तांब्यापितळेच्या व चांदीच्या लहान वस्तूंना मागणी येते. २०२३ मध्ये अधिक श्रावण चातुर्मासात आला, तेव्हा दुकानदारास ती मागणी निव्वळ लाभाची ठरली. २०२६ मधील अधिक ज्येष्ठ मात्र ऐन लग्नसराईत आल्याने एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाणे अपरिहार्य होते.

दैनंदिन व्यवहार : दुकान बहुधा कुटुंबाचे असते. मालक, त्याची पत्नी किंवा भाऊ व एखादा नोकर एवढ्यांवर ते चालते. सकाळी झाडलोट, दारात पाणी शिंपडणे व दिवा-उदबत्ती झाली, की मालक गल्ल्यावर बसतो. दिवसाच्या पहिल्या रोख विक्रीस ‘भवानी’ म्हणतात. ती उधारीची असू नये असा संकेत असल्याने पहिल्या गिऱ्हाइकाची घासाघीस पुष्कळदा सफल होते. मालाची खरेदी किंमत वस्तूवर आकड्यांऐवजी सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तीमुळे नोकरासही किती खाली यावे हे कळते व गिऱ्हाइकास कळत नाही. दुपारचा वेळ धूळ पुसण्यात जातो. हे काम क्षुल्लक वाटले, तरी धूळ बसलेली वस्तू आहेरासाठी कोणी उचलीत नाही. संध्याकाळी, विशेषतः मुहूर्ताच्या आदल्या दिवशी, दुकानात उभे राहण्यास जागा नसते. किमतीची चिठ्ठी काळजीपूर्वक काढून, रंगीत कागदात वस्तू बांधून, वर नावाची पट्टी लावून देणे हे सारे विक्रीच्या किमतीतच धरले जाते.

माल दूरदूरहून येतो : पितळी वस्तू मुरादाबादहून, काचसामान फिरोझाबादहून, चिनीमातीचे कप खुर्जाहून, भिंतीवरची घड्याळे मोरबीहून. लहान गावचा दुकानदार तो मुंबई-पुण्याच्या घाऊक पेठांतून उचलतो. खरेदी हंगामापूर्वी करावी लागते व पैसा हंगामात सुटतो. मधले महिने उधारीवर किंवा व्याजाच्या पैशावर काढावे लागतात. फुटतूट, फॅशन उतरणे आणि अनेकांनी एकच वस्तू देणे हे तीन धोके कायमचे. एकाच लग्नात पाच-सहा सरबताचे संच किंवा घड्याळे आली, की त्यांपैकी काही न उघडता दुसऱ्या लग्नात जातात व काही बदलून घेण्यासाठी दुकानात परत येतात. बदलून देणे तोट्याचे असले, तरी लहान गावात ते नाकारता येत नाही. कारण पुढच्या कार्याचे गिऱ्हाईक त्याच घरातून यावयाचे असते.

कायदे व बदल : हुंडा प्रतिबंधक कायदा (१९६१) व त्याखालील १९८५ चे नियम ह्यांनुसार वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी देणाऱ्याचे नाव, नाते व अंदाजे किंमत ह्यांसह ठेवावयाची असते. वहीतील नोंद फेडीसाठी व ही यादी संरक्षणासाठी असते. व्यवहारात पहिलीच अधिक निष्ठेने लिहिली जाते. देणगी कर १९५८ मध्ये लागू झाला व १९९८ मध्ये संपुष्टात आला. छोट्या दुकानदारास त्याची झळ क्वचितच लागली. त्याच्या कामात अधिक फरक १ जुलै २०१७ पासूनच्या वस्तू व सेवा कराने पडला, तर २०१८ मधील राज्याच्या प्लॅस्टिकबंदीमुळे पिशव्या व थर्मोकोलची सजावट त्यास सोडावी लागली. मार्च २०२० मधील टाळेबंदी लग्नसराईच्या तोंडावर आली. नंतर विवाहास पन्नास जणांचीच मुभा मिळाल्याने भरलेला माल तसाच पडून राहिला. मुहूर्त टळले तरी व्याज टळले नाही.

दिल्लीत १९७९ मध्ये स्थापन झालेल्या आर्चीजसारख्या व्यापारसंस्थांनी शुभेच्छापत्रे व शोभेच्या वस्तू शहरी तरुणांत रूढ केल्या. पुढे भ्रमणध्वनीवरील संदेशांनी शुभेच्छापत्रांची मागणी ओसरविली. भांडी-दुकानदारांवर खरा आघात मात्र पाकिटाने केला. ५१, १०१, ५०१ अशी वर एक रुपया असलेली रक्कम देणे सोयीचे असते व घेणाऱ्यासही अडगळ होत नाही. वर नाणे चिकटविलेली छापील पाकिटे दुकानदारच विकतो, पण त्यात नफा नाममात्र असतो. शिवाय ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ निमंत्रणपत्रिकांवर वाढत्या प्रमाणात आढळते. ती घालणारेच यजमान पाहुण्यांना द्यावयाच्या परतभेटींसाठी दुकानात येतात आणि दोनशे-तीनशे तांब्याची फुलपात्रे किंवा लहान समया एकदम मागवितात. अशा मागणीत दर नगामागे सुटणारा पैसा कमी असला, तरी रक्कम आगाऊ मिळते. मात्र त्यांवर वधूवरांची नावे व तारीख असल्याने उरलेले नग मोडीतच काढावे लागतात.