पायांखालचा मुलूख

पाहण्याजोगें जें असेल तें दूरच असावयाचें, अशी एक समजूत सुशिक्षित कुटुंबांत खोलवर रुजलेली आढळते. सुटी लागली कीं काशी-रामेश्वराचे, काश्मीर-उटकमंडाचे बेत होतात. परंतु ज्या डोंगराआडून रोज सूर्य उगवतो, त्याचें नांव घरांतल्या मुलांना सांगतां येत नाहीं. प्रवास पुष्कळ घडतो आणि परिसर मात्र अनोळखी राहतो. ही उणीव भरून काढण्याचें साधन अगदीं स्वस्त आहे. तें म्हणजे आपले दोन पाय.

घराजवळच्या मुलुखाचा अभ्यास क्षुल्लक समजण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांत गिल्बर्ट व्हाइट नांवाच्या धर्मोपदेशकानें सेलबोर्न या आपल्या लहानशा खेड्याभोंवतीं वर्षानुवर्षें फिरून पक्षी, झाडें, किडे व ऋतुमान यांचीं टिपणें केलीं. त्यांतून १७८९ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ आजहि वाचला जातो. त्याचें सामर्थ्य लांबच्या प्रवासांत नव्हतें. एकच वाट सर्व ऋतूंत पुनःपुन्हां चालण्यांत होतें.

सातारा जिल्ह्यांतील पाटण हें गांव या दृष्टीनें चांगलें उदाहरण आहे. येथें केरा नदी कोयनेला मिळते. महाबळेश्वरीं उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या रांगेला समांतर अशी दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ एकाएकीं पूर्वेकडे वळते, आणि पाटणवरून जाऊन कऱ्हाडास कृष्णेला मिळते. संगमाच्या कांठानें वर्षांतून चार वेळां फिरणाऱ्यास या दोन नद्यांचा स्वभाव निराळा असल्याचें दिसून येतें. केरेचें पाणी पावसाबरोबर चढतें व उन्हाबरोबर उतरतें. कोयनेचें पाणी मात्र १९६४ सालीं पुऱ्या झालेल्या धरणांतून किती सोडलें जातें यावर पुष्कळसें अवलंबून असतें. भूगोलाच्या पुस्तकांत एका ओळींत संपणारी गोष्ट येथें डोळ्यांना दिसते.

आतां डोंगराकडे वळावें. येथील डोंगरांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे कां, हा प्रश्न चढतांना सहज सुचतो. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून उसळलेल्या शिलारसाचे थर एकावर एक पसरत गेले. त्यांतील कठीण थर कड्याच्या रूपानें उभे राहिले व मऊ थर झिजून उतार झाले. दोन थरांच्या सांध्यांत कोठें कोठें तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. वरच्या भेगाळ खडकांतून मुरलेलें पाणी या पट्ट्याशीं अडतें आणि झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. डोंगराच्या अंगावर मध्येंच एखादी वाडी कां वसली, याचें उत्तर पुष्कळदां अशा झऱ्यापाशीं सांपडतें. अगदीं माथ्यावर जांभ्याचें उघडें पठार लागतें. त्याला सडा म्हणतात, आणि सडावाघापूर या गांवाच्या नांवांतच तो शब्द आहे. उन्हाळ्यांत रखरखीत दिसणारा हाच सडा भाद्रपदांत इवल्या इवल्या फुलांनीं भरून जातो. उतारावरील कारवी मात्र सात वर्षें वाट पाहावयास लावून मग एकदम फुलते.

पाटणच्या वायव्येस असलेला दातेगड, ज्याचें दुसरें नांव सुंदरगड, हा एका सकाळचा फेरा आहे. खडकांत कोरलेल्या गणपति व मारुति यांच्या मोठ्या मूर्ति तेथें आहेत, आणि कातळ फोडून खणलेली तलवारीच्या आकाराची विहीर आहे. परंतु खरा धडा तटावरून खालीं पाहिल्यावर मिळतो. कोयनेचें खोरें आणि कुंभार्ली घाटानें कोंकणांत उतरणाऱ्या वाटेची दिशा नजरेखालीं येते, व गड येथेंच कां बांधला हें निराळें सांगावें लागत नाहीं.

अशा फेऱ्यास निघण्यापूर्वीं वेळेचा हिशेब करावा. नैस्मिथ नांवाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक सोपा नियम सांगितला : दर तीन मैलांस एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास. म्हणजे सहा मैलांची वाट व हजार फुटांचा चढ असल्यास अडीच तास लागतील. हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. मुलें बरोबर असल्यास त्यांत निम्म्यानें भर घालावी. पाणी घरूनच न्यावें, धुक्यांत कड्याच्या कडेला जाऊं नये, आणि वाळल्या गवतांत आगकाडी पेटवूं नये. २०१० सालीं घोषित झालेल्या सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दींत परवानगीवांचून शिरूं नये. वाट चुकल्यास नकाशापेक्षां गुराख्याला विचारणें बरें.

येथें एका महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. पायवाट ही पायांनींच जिवंत राहते. वाडीपर्यंत मोटाररस्ता झाला म्हणजे लोकांची सोय होते, आणि ती व्हावयासच हवी. पण मग जुन्या वाटेनें कोणी जात नाहीं. दोन-चार पावसाळ्यांत गवत व कारवी ती गिळून टाकतात. वाटेबरोबर नदीचा उतार, विसाव्याचें झाड, पाण्याची जागा आणि या सर्वांचीं नांवेंहि जातात. तीं नांवें कोणत्याहि सरकारी नकाशावर नसतात. वृद्धांच्या तोंडींच असतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटेचा कोयनेचा भूकंप आठवणारीं माणसेंहि आतां थोडींच उरलीं आहेत. त्या वेळीं कोणतें घर पडलें, कोणत्या विहिरीचें पाणी बदललें, हें त्यांनाच विचारलें पाहिजे, आणि त्याला अवधि फार नाहीं.

म्हणून प्रत्येक घरानें एक साधी वही घालावी. महिन्यांतून एक रविवार, घरापासून पांच मैलांच्या आंत, आणि परत आल्यावर एक पान, एवढाच नेम पुरे. कोणत्या वाटेनें गेलों, वाडीवरच्या माणसांनीं कोणतीं नांवें सांगितलीं, कोणता झरा फाल्गुनांत आटला व कोणता वैशाखांतहि वाहता होता, एवढेंच लिहावें. एका पानाला फारसें मोल नाहीं. परंतु दहा वर्षांची अशी वही म्हणजे त्या गांवाच्या पाण्याचा विश्वसनीय इतिहास होईल. पुढें टंचाईच्या दिवसांत कोणता झरा राखावा, हा प्रश्न पडेल तेव्हां गांवाला तिचाच आधार वाटेल.